बोर्ड चढण्याआधी एकदा वर बघा!

गणपती-दिवाळी जवळ आली की कामतघरच्या गल्ल्यांमध्ये टेम्पोतून पांढऱ्या बोर्डांच्या थप्प्या उतरायला लागतात. वऱ्हाळदेवी तलावाजवळची नवी सोसायटी असो की मागांच्या खडखडाटातलं जुनं घर, हॉलला फॉल्स सीलिंग हवंच. आणि घरात काम निघालं की तुमची ड्युटीही ठरलेली असते: 'तुझं कॉलेज दुपारी ना? मग सकाळी मिस्त्रींजवळ थांब.'

आपण थांबतो, म्हणजे खुर्ची टाकून मोबाइल बघतो. पण त्या सकाळी तुमच्या डोक्यावर जे चाललेलं असतं, ते बघायची संधी पुन्हा मिळत नाही. एकदा बोर्ड लागले, पुट्टी झाली, रंग बसला की आतला सांगाडा कायमचा झाकला जातो. सीलिंग टिकणार की लोंबकळणार, हे मात्र त्या सांगाड्यावरच ठरतं. भिवंडीकरांना हे वेगळं सांगायला नको. ताणा चुकला तर बाणा कितीही भारी घाला, कापड सुधारत नाही.

आधी वजनाचा हिशेब

साडेबारा मिलिमीटर जाडीचा, चार बाय सहा फुटांचा जिप्सम बोर्ड साधारण १८ ते २० किलोचा असतो. दहा बाय बाराच्या खोलीला असे पाच बोर्ड लागतात. म्हणजे नुसत्या बोर्डांचंच वजन ९० ते १०० किलो. त्यात पट्ट्या, पुट्टी आणि लाइट धरलेले नाहीत. आई-बाबा झोपतात त्या पलंगाच्या बरोबर वर हे ओझं वर्षानुवर्षं टांगलेलं राहणार आहे. कशाला टांगलंय, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

स्लॅबला विचारा

सांगाडा स्लॅबला लटकतो, तेव्हा पहिली तपासणी स्लॅबची. ओलीचे डाग, सुटलेले पोपडे, गंजलेली सळई दिसतेय का? हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येतोय का? येत असेल तर सीलिंगचं काम थांबवा. आधी गळती काढा, स्लॅब दुरुस्त करा. जिप्सम पाणी पितं आणि भिजलं की मऊ पडतं, ही एक अडचण. दुसरी जास्त गंभीर आहे. सीलिंग लागल्यावर स्लॅबची तब्येत कुणालाच दिसत नाही.

आपल्या शहराला हे विसरून चालणार नाही. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे भिवंडीतली जिलानी बिल्डिंग कोसळली आणि सुमारे ४० जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा फॉल्स सीलिंगशी संबंध नाही. पण जुन्या इमारतीत तडे आणि ओल सुंदर छताआड झाकून टाकणं किती महागात पडू शकतं, हे ओळखायला ती आठवण पुरेशी आहे. महापालिका हद्दीतल्या ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमची इमारत त्यात बसत असेल, तर डिझाइन निवडण्याआधी सोसायटीत ऑडिटचं विचारा.

१८ इंचांचं गणित

आता सांगाडा. त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी चारही भिंतींवर एकाच लेव्हलला दोरीने खूण मारायची. लेझर असेल तर उत्तम, नाहीतर पाण्याच्या नळीनेही लेव्हल अचूक निघते. त्या खुणेवर भिंतीलगतचा चॅनल येतो, दर दोन फुटांवर स्क्रूने घट्ट केलेला. मग स्लॅबला क्लीट आणि लोखंडी फास्टनर लावून अँगल खाली सोडायचे आणि त्यांना मधले जाड चॅनल चार-चार फुटांवर टांगायचे. त्या चॅनलांना आडव्या, खालच्या बाजूने पट्ट्या बसवायच्या, म्हणजे सीलिंग सेक्शन. बोर्ड या पट्ट्यांनाच लागतो.

पट्ट्यांमधलं अंतर १८ इंच (४५७ मिलिमीटर) असावं लागतं. हा आकडा कुठून आला? बोर्ड सहा फुटी, म्हणजे ७२ इंच. १८ चोक ७२. म्हणजे बोर्ड पट्ट्यांना आडवा लावला की त्याचं टोक बरोबर पट्टीवर येतं आणि दोन बोर्डांचा सांधा हवेत राहत नाही. मनाला येईल तशा २०-२२ इंचांवर पट्ट्या टाकल्या की सांधा अधांतरी राहतो आणि पुढे तिथेच तडा जातो. २४ इंचांवर सांधा जुळतो खरा, पण मधला भाग मोठा राहतो. पावसाळ्यात दमट हवा लागली की बोर्डाला पोट येतं.

आणि एवढं करून वाचतं काय? बारा फुटांच्या लांबीत १८ इंचांवर सात पट्ट्या बसतात, २४ इंचांवर पाच. एका खोलीमागे फक्त दोन पट्ट्या!

दुसरी चोरवाट म्हणजे लाकडाची गुल्ली. स्लॅबला भोक पाडून गुल्ली ठोकायची आणि तिच्यात स्क्रू. लाकूड वाळलं, आक्रसलं की पकड सुटते. फास्टनर लोखंडीच हवा.

पंखा सीलिंगचा नव्हे, स्लॅबचा

पंखा, झुंबर यांचं वजन सांगाड्यावर कधीही टाकायचं नाही. त्यांचा हूक थेट स्लॅबमध्ये हवा. लाइटसाठी किंवा एसीसाठी जिथे बोर्ड कापणार, तिथे कापाच्या कडेला जादा पट्टी आत्ताच टाकून घ्या. वायरी पाइपमधूनच गेल्या आहेत ना, तेही बघा.

भैयाशी बोलायचं कसं?

तपासायचं म्हणजे हुज्जत घालायची नाही. कारागिराला बहुतेक वेळा स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात, जसे माग चालवणाऱ्याला मीटरवर. सांगाड्यावर जास्त वेळ घालवला तर त्याचाच रोज पडतो. त्यामुळे अंतर, फास्टनर, पट्टीचं गेज हे सगळं काम सुरू होण्याआधी ठेकेदाराशी बोलून कोटेशनमध्ये लिहून घ्या. मग साइटवर 'भैया, पट्टी कितने पे डाली?' एवढं विचारलं तरी पुरतं. चांगल्या कारागिराला असा प्रश्न आवडतो. 'वर्ल्डस्किल्स' या जागतिक कौशल्य स्पर्धेत प्लास्टरिंग आणि ड्रायवॉलचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात उतरतात ती तुमच्याच वयाची मुलं-मुली. काम हलकं नाही, बघणाऱ्यांची नजर हलकी आहे.

पहिला बोर्ड चढण्याआधी

• स्लॅब कोरडा, ठोकल्यावर पोकळ आवाज नाही.
• एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणा. सगळ्या पट्ट्या तिला सारख्या टेकल्या पाहिजेत.
• टेप लावून पट्ट्यांमधलं अंतर तीन-चार ठिकाणी मोजा.
• सांगाडा हाताने खाली ओढून बघा. हलला किंवा करकरला तर फास्टनर पुन्हा तपासायला सांगा.
• पंख्याचा हूक स्लॅबमध्येच आहे, याची खात्री करा.
• टेप दिसेल असे चारही कोपऱ्यांचे आणि वायरींचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. उद्या ड्रिल मारताना वायर कुठे आहे, हे त्यातूनच कळेल.

सगळं मिळून अर्धा तास लागेल. तेवढा वेळ रील्स थांबू शकतात!