मीटरचा आकडा आणि विजेचा धक्का

नववीतला मुलगा मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांना बोटांनी घट्ट धरतो आणि खुशीत सांगतो, "अम्मी, माझ्या शरीराचा रोध एक लाख ओहम आहे! म्हणजे घरातल्या २३० व्होल्टने माझ्यातून जेमतेम २.३ मिलिअँपिअर धारा जाईल. मला काही होणार नाही."

भागाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष जिवावर बेतणारा आहे. मग चूक कुठे झाली?

जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये आपला नियम प्रसिद्ध केला. विभवांतर दुप्पट केले की विद्युतधाराही दुप्पट होते. मात्र त्याला एक अट आहे: वाहकाचे तापमान आणि इतर भौतिक अवस्था कायम राहिली पाहिजे. तापमान स्थिर असेल तर तांब्याची तार हा नियम पाळते, आलेख सरळ रेषेत येतो. अशा वाहकांना ओहमिक वाहक म्हणतात.

सगळेच वाहक असे नसतात. जुन्या शंभर वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ५३० ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणूनच बटण दाबताच पहिल्या क्षणी जास्त धारा धावते आणि बरेच बल्ब नेमके तेव्हाच उडतात. पांढऱ्या एलईडीतून दोन व्होल्टला जवळजवळ काहीच धारा जात नाही, तीनच्या आसपास मात्र ती झपाट्याने वाढते. हे झाले नॉन-ओहमिक वाहक.

आपली त्वचाही त्यांतलीच. मीटर अगदी थोड्या व्होल्टवर मोजतो, तेव्हा कोरडी कातडी मोठा रोध दाखवते. २३० व्होल्टपुढे तिचा हा अडसर टिकत नाही. हात ओले किंवा घामेजलेले असतील तर आणखीच वाईट. शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. हजार ओहमला धारा होते २३० मिलिअँपिअर, हृदय बंद पाडायला पुरेशी.

म्हणून मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करा, हात कोरडे ठेवा, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आणि मुलांना सांगा, फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबीही वाचवेलच असे नाही. नियम पाठ करताना त्याची अटही पाठ करावी, ती यासाठीच.