कोपरीच्या पुलावर गाडी रांगते तेव्हा इंजिनातलं ‘व्हीव्हीटी’ काय करतं?

तीन हात नाक्यावरून निघायचं, कोपरीचा पूल ओलांडायचा, आनंदनगर नाका मागे टाकायचा आणि मुंबईत शिरायचं. नकाशावर हे अंतर अगदी किरकोळ. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून रोज गाडीने मुंबईला जाणाऱ्याला अंतर विचारा, तो किलोमीटर सांगणार नाही, मिनिटं सांगेल. पूर्वी रुंद महामार्ग इथल्या रेल्वेवरच्या अरुंद पुलापाशी येऊन तुंबायचा. २०२३ मध्ये पूल रुंद झाला. ऑक्टोबर २०२४ पासून नाक्यावरचा लहान गाड्यांचा टोलही बंद झाला. तरी ऐन गर्दीच्या वेळी पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर हा व्यायाम काही सुटलेला नाही.

आता हीच गाडी रविवारी नाशिकला निघते. माजिवडा, भिवंडी बायपास, शहापूर मागे पडतं आणि कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या मारत ओरडू लागतं. पुलावर ते आठशे फेऱ्यांवर गुरगुरत उभं होतं. इंजिन तेच, पण दोन्हीकडे त्याला श्वास घ्यायची पद्धत वेगळी हवी असते. ती चालता चालता बदलता यावी म्हणून जी सोय केली, तिचं नाव व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजेच व्हीव्हीटी.

मारुती तिला व्हीव्हीटी म्हणते, टोयोटा व्हीव्हीटी-आय. ह्युंदाईच्या गाड्यांवर एके काळी व्हीटीव्हीटी असं लिहिलेलं असायचं. होंडाच्या व्हीटेकचं तर एवढं कौतुक झालं की ज्या गाडीत ते नाही, तिच्याही मागे लोक स्टिकर लावायचे. आज शोरूममध्ये नवी पेट्रोल गाडी घ्यायला गेलात तर व्हीव्हीटी नसलेली शोधावी लागेल. त्यामुळे ‘घ्यावं की नको’ हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो आपल्या वापरात त्याचा फायदा किती आणि खर्च किती, हा.

लोकलच्या दारावरून समजून घ्या

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो. हे व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्ह दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे आठशे फेऱ्यांवर मिनिटाला ४०० वेळा आणि पाच हजारांवर २,५०० वेळा, सेकंदाला चाळिसाहून जास्त.

आता ठाणे स्टेशनचा प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर आणा. दुपारची निवांत वेळ असेल तर आधी उतरणारे उतरतात, मग चढणारे चढतात. संध्याकाळी साडेसहाला मात्र उतरणारे संपायच्या आत चढणारे घुसलेले असतात, आणि गाडी सुटल्यावरही धावत येणारे दोघेतिघे दांडा पकडून आत येतातच. कमी वेळात जास्त माणसं आत जायची तर दुसरा मार्ग नसतो.

इंजिनाचंही असंच आहे. फेऱ्या जास्त असतील तर हवेला आत यायला फार थोडा वेळ मिळतो. अशा वेळी धूर पूर्ण बाहेर जाण्याआधीच आत येण्याचा व्हॉल्व्ह उघडलेला बरा. पिस्टन वर यायला लागला तरी तो थोडा उशिरा बंद झालेला बरा, कारण वेगात आलेली हवा आपल्या जोरावर आणखी थोडी आत शिरते. पण हाच हिशेब आठशे फेऱ्यांवर लावला तर सगळं बिघडतं. हवेला जोर नसतो, त्यामुळे आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त उघडे राहिले तर धूर आतल्या वाटेने मागे येतो. मग इंजिन थडथडतं, कधी बंदही पडतं.

जुन्या इंजिनांत कॅमचा आकार आणि त्याची वेळ दोन्ही कायमची ठरलेली असायची. कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी त्यातलीच. कारखान्यात इंजिनिअरला मधला एक मार्ग निवडावा लागे, ना धड रांगेसाठी, ना धड घाटासाठी. त्याची एक चांगली बाजू होती, ती म्हणजे बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. मिस्त्री फुटपाथवर बसून फीलर गेजने टॅपेट लावून द्यायचा आणि टॅक्सी पुन्हा धंद्याला लागायची. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली, तोवर हे गणित शाबूत होतं.

मग वेळ बदलते कशी?

कारमध्ये ही कल्पना पहिल्यांदा विकायला आणली ती इटलीच्या अल्फा रोमिओने, १९८० मध्ये. १९८९ मध्ये होंडाने इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणलं. त्याची रीत वेगळी होती. त्यात कॅमवर दोन प्रकारचे उंचवटे, एक हळू चालीसाठी आणि एक वेगासाठी. ठरावीक फेऱ्यांनंतर इंजिन दुसऱ्या उंचवट्यावर जातं आणि व्हॉल्व्ह जास्त खोलवर उघडतो. यामाहाच्या आर१५ बाइकमधलं व्हीव्हीए याच घराण्यातलं. साधारण ७,४०० फेऱ्यांवर तिचा आवाज आणि ओढ बदलते, ते चालवणाऱ्यांना माहीत असतं.

स्विफ्ट, वॅगन आर, बलेनो, आय२० अशा रोजच्या गाड्यांत असतो तो दुसरा प्रकार. इथे उंचवट्याचा आकार तोच राहतो, पण अख्खा कॅमशाफ्ट थोडा पुढे किंवा मागे फिरवला जातो. कॅमशाफ्टच्या टोकाला, टायमिंग चेन जिथे बसते तिथे, एक डबी असते. तिला फेजर म्हणतात. डबीच्या आत पंख्यासारखी पाती आणि पात्यांच्या दोन्ही बाजूंना छोटे कप्पे. एका बाजूच्या कप्प्यात दाबाने तेल भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरलं की मागे. कुठल्या कप्प्यात तेल सोडायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि सोलेनॉइड नावाचा, विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह ते सोडतो.

हे तेल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपण सर्व्हिसिंगला बदलतो तेच इंजिन ऑइल. व्हीव्हीटीचे गुण आणि दुखणी समजून घ्यायची तर हीच गोष्ट ध्यानात ठेवायची.

मिळतं काय?

पहिली गोष्ट पिकअप. व्हीव्हीटी असलेल्या इंजिनात ताकद एका टोकाला साचत नाही, खालपासून वरपर्यंत पसरते. १.२ लिटरचं इंजिन चार माणसं, सामान आणि एसी घेऊन कसारा घाट फारशी कुरकुर न करता चढतं, त्यात याचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट अॅव्हरेज. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या चालीने जाताना इंजिनाला फार जोर लावायचा नसतो. अशा वेळी कॉम्प्युटर व्हॉल्व्हची वेळ अशी हलवतो की हवा ओढून घेण्यात इंजिनाची शक्ती कमी वाया जाते. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तर याचा कळस आहे. तिथे आत येण्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम खूप उशिरा बंद करतात, थोडी हवा परत जाऊ देतात. याला अॅटकिन्सन सायकल म्हणतात. त्यात ताकद थोडी घटते, पण ती उणीव इलेक्ट्रिक मोटर भरून काढते आणि पेट्रोल वाचतं.

तिसरी गोष्ट गाडी घेताना कोणी विचारत नाही, पण कंपन्यांना तिची फार गरज असते, ती म्हणजे धूर. वेळ हलवून थोडा जळालेला वायू सिलिंडरमध्येच ठेवला तर आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइड कमी तयार होतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या मर्यादेत बसायला पेट्रोल गाड्यांना व्हीव्हीटीने बराच हात दिला.

पण पुलावरच्या रांगेत?

इथे जाहिरात आणि रोजचा प्रवास यांची फारकत होते. इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतं तेव्हा बहुतेक गाड्यांत व्हीव्हीटी आपल्या मूळ जागेवर पडून असतं. इंजिन शांत चालावं एवढंच त्याला पाहायचं असतं. क्लच सोडून चार फूट पुढे जाण्यात त्याचा फारसा उपयोग नाही. रांगेत पेट्रोल वाचवायचं तर इंजिन बंद होणंच कामाचं, आणि ते काम स्टार्ट-स्टॉप करतं किंवा हायब्रिड.

म्हणजे कोपरीच्या रांगेत व्हीव्हीटी देतं सर्वांत कमी. आणि त्याची किंमत नेमकी तिथेच सर्वांत जास्त मोजावी लागते.

एक हिशेब करून पाहा. बऱ्याच गाड्यांचं ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने बदलायला सांगतात. सरासरी ५० किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या गाडीला एवढं अंतर कापायला २०० तास लागतात. सरासरी १५ च्या वेगाने रोज मुंबई गाठणाऱ्या गाडीला लागतात साडेसहाशेहून जास्त. मीटरवर आकडा तोच, पण तेल तिप्पट वेळ उकळलेलं. त्यात उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि गरम इंजिन कमी फेऱ्यांवर असताना तेलाचा दाबही सर्वांत कमी असतो. तेल थकलं की त्याचा चिकट काळा गाळ होतो. सोलेनॉइडच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती या गाळाने तुंबते. मग फेजरला तेल वेळेवर मिळत नाही, कॅम सांगितल्या जागी जात नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो.

बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये अशा वापरासाठी वेगळी सूचना असते. सतत थांबत-निघत चालणारी गाडी किंवा जवळच्याच फेऱ्या मारणारी गाडी ‘कठीण वापर’ या सदरात येते आणि तिचं ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. पण ते पान उघडतो कोण?

सीएनजीवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. सीएनजी स्वच्छ जळतो, त्यामुळे तेल बराच काळ सोनेरीच दिसतं. डिपस्टिक पाहून ‘अजून चांगलं आहे’ म्हणत लोक आणखी दोन-तीन हजार किलोमीटर ढकलतात. रंग बदलला नाही म्हणजे तेल टिकलं असं नसतं. उष्णतेने ते आतून म्हातारं होतच असतं.

आणि तेलाचा ग्रेड. नव्या पेट्रोल गाड्यांपैकी अनेकींना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं. ‘आपल्याकडे गरमी आहे, जाड टाकू’ म्हणून कोणी २०डब्ल्यू-५० ओतलं तर फेजरच्या बारीक वाटांतून ते हळू सरकतं. पद्मिनीला चालणारा सल्ला इथे अंगाशी येतो.

दिवा लागला तर

स्कॅनर लावल्यावर पी००११ किंवा पी००१६ असा कोड दिसला की काही ठिकाणी थेट ‘व्हीव्हीटी गेलं, इंजिन उघडावं लागेल’ असं सांगतात. घाबरून लगेच हो म्हणू नका. पहिला कोड सांगतो की कॅम हवा त्यापेक्षा पुढे राहिला आहे. दुसरा सांगतो की कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही. नेमका कुठला भाग गेला हे दोन्ही सांगत नाहीत. आधी तेलाची पातळी आणि ग्रेड बघायचा, मग वायर आणि कनेक्टर. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल तर हे आधी. त्यानंतर सोलेनॉइड काढून जाळी तपासायची. अनेक गाड्यांत तो बाहेरून एक-दोन बोल्टवर बसलेला असतो. एवढं करूनही कोड परत आला तर फेजर आणि चेनचा संशय घ्यायचा. तिथे टायमिंग कव्हर उघडावं लागतं, तासन्‌तास मजुरी लागते. खरा खर्च तो.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने ती सकाळी, इंजिन थंडगार असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर पुन्हा यावं. स्टार्ट करताच पहिले एक-दोन सेकंद चेनच्या बाजूने खडखड आली आणि मग थांबली, तर फेजरची लॉक पिन झिजलेली असू शकते किंवा तेल वर पोहोचायला उशीर होत असतो. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बोट फिरवावं. काळा, लोण्यासारखा थर हाताला लागला तर गाडी ३०,००० च चालली आहे या बोलण्याला अर्थ नाही. दिवा विझलेला आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये, स्कॅनरने कोड पुसायला मिनिटभर पुरतं. पण कोड नुकताच पुसला असेल तर त्याच स्कॅनरवर गाडीच्या काही स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. तसं दिसलं तर गाडी दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवून मग पुन्हा दाखवायला सांगावी.