दखल कोणाची?

मी शिरवण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असल्यामुळे सरकारी कागद वाचण्याचे काम माझ्याकडेच येते. मागच्या वर्षी गावाकडून आत्या आली. पदरात घडी केलेला कागद होता. "वाच रं बाबा, साहेबानं काय लिवलंय?"

नळावर चारचौघांसमोर तिला जातीवरून शिवी दिली गेली, थोबाडीत मारली गेली. कागदावर मात्र एवढेच : 'किरकोळ भांडण, अदखलपात्र'. जातीचा उल्लेख नाही. खाली तिचा अंगठा.

कोणत्या गुन्ह्याकडे आधी पाहायचे, हे ठाण्यात ठरते ते असे. नुसती थोबाडीत व शिवी म्हणजे अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. परंतु तीच शिवी दलिताला लोकांदेखत जातीवरून दिली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो दखलपात्र गुन्हा होतो. मग उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास करावा लागतो. घटना एक, वह्या दोन. कोणती वही उघडायची, हे अंमलदाराची लेखणी ठरवते.

ही लेखणी निष्पाप नसते. माणसे अपुरी, बंदोबस्त रोजचा, हे खरेच. पण नोंद वाढली की ठाण्याचे 'गुन्हे वाढले' असे वर दिसते. मग ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचीच तक्रार किरकोळ ठरते.

या 'किरकोळ'ची किंमत खैरलांजीने दाखविली. सप्टेंबर २००६ मध्ये सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे यांनी मारणाऱ्यांची ओळख पटविली. आरोपी २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, सुधीर व रोशन यांना ठार मारण्यात आले. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण अत्याचाराचे कलम टिकले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयातही नाही.

म्हणून पहिला कागद महत्त्वाचा. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदविलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. अत्याचाराच्या गुन्ह्यात नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या अधिकाऱ्याने ते जाणूनबुजून टाळले तर तो स्वतः गुन्हेगार ठरतो. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तेथेही दाद नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे.

आत्याचा अर्ज मी लिहिला. सहीपूर्वी दोनदा वाचून दाखविला. ती म्हणाली, "आता माझं बोलणं हाय यात." शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या वस्तीत एवढे तरी करावे : अंगठा उठण्यापूर्वी कागद वाचावा.