पाण्याखालचं पाणी

काचेचे दोन पेले घ्या. एकात साधं नळाचं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी, पण दोन चमचे मीठ घालून चांगलं ढवळलेलं. आदल्या रात्री निळा खायचा रंग घालून बर्फाचे खडे करून ठेवा आणि दोन्ही पेल्यांत एकेक खडा अलगद सोडा. सोडण्याआधी घरच्यांशी पैज लावा : कुठला बर्फ आधी वितळेल?

बहुतेक जण मिठाच्या पाण्याची बाजू घेतात. कारणही तोंडावर तयार असतं. मिठानं बर्फ वितळतो, नाहीतर कुल्फीवाला बर्फात मीठ कशाला घालेल? आणि पैज हरतात. साध्या पाण्यातला खडा चिमूटभर उरतो, तेव्हा खाऱ्या पाण्यातला अजून ऐटीत तरंगत असतो.

का, ते निळा रंग सांगतो. साध्या पाण्यात बर्फाच्या बुडाखालून निळ्या धारा तळाकडे सुटलेल्या दिसतात. वितळलेलं गार पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून ते खाली जातं, आणि त्याच्या जागी कोमट पाणी येऊन बर्फाला भिडतं. खाऱ्या पाण्यात धारा नाहीतच. वितळलेलं पाणी गार असलं तरी त्यात मीठ नाही, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकंच ठरतं. दुधावर साय धरावी तसा त्याचा निळा थर वरच राहतो, आणि बर्फ स्वतःच्याच थंडगार पाण्यात बसून राहतो. कोमट पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

समुद्रविज्ञान शिकवणाऱ्यांचा हा लाडका प्रयोग. तापमान आणि क्षार या दोघांच्या ओढाताणीतून पाण्याची घनता ठरते, हे वाक्य पुस्तकात वाचून कुणी दचकत नाही. हरलेली पैज मात्र विसरत नाही. म्हणूनच चांगला शिक्षक प्रयोगाआधी प्रत्येकाकडून अंदाज वदवून घेतो. माझ्या मते, खरा प्रयोग पाण्यावर होत नाही, त्या अंदाजावर होतो.

पाण्याची टाकी पुढ्यात घेऊन समुद्र समजून घ्यायचा उद्योग साडेतीनशे वर्षांचा होत आला. 1679 मध्ये लुईजी फेर्दिनांदो मार्सिली नावाचा बोलोन्याचा एकवीस वर्षांचा तरुण इस्तंबूलला पोचला. काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र यांना जोडणारी बॉस्पोरसची चिंचोळी सामुद्रधुनी शहराच्या मधूनच वाहते. वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून मार्माराकडे जातो, हे नावेत बसणाऱ्या कुणालाही दिसत होतं. पण तिथले कोळी वेगळंच सांगत : खोल सोडलेलं जाळं उलट्या दिशेला ओढलं जातं. ही गोष्ट सहाव्या शतकात प्रोकोपियस या इतिहासकारानंही लिहून ठेवली होती. मार्सिलीनं ती तपासायचं ठरवलं. दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधले, खाली वजन लावलं आणि दोरी पाण्यात सोडली. वरची बुचं मार्माराकडे झुकली, खालची काळ्या समुद्राकडे.

एवढ्यावर थांबला असता तर तो चांगला निरीक्षक ठरला असता. पण त्यानं दोन्हीकडच्या पाण्याचं वजन तोलून पाहिलं. काळ्या समुद्राचं पाणी हलकं निघालं, कारण डॅन्यूबसारख्या मोठ्या नद्या त्यात गोडं पाणी ओततात. आजच्या मोजमापानं त्याच्या पृष्ठभागावर किलोमागे सुमारे 18 ग्रॅम क्षार असतात, आणि भूमध्य समुद्राकडून खालून येणाऱ्या पाण्यात सुमारे 38. मग मार्सिलीनं एक पेटी घेतली, मधोमध पडदा घातला, एका बाजूला जड पाणी भरलं, दुसऱ्या बाजूला हलकं. पडद्याला वर एक आणि खाली एक अशी छिद्रं होती. छिद्रं उघडताच जड पाणी खालच्या छिद्रातून पलीकडे गेलं आणि हलकं पाणी वरच्या छिद्रातून अलीकडे आलं. ना वारा, ना उतार, ना कुणाचा हात. 1681 मध्ये त्यानं हे सगळं छापून स्वीडनच्या क्रिस्तिना राणीला अर्पण केलं. समुद्राचा प्रवाह प्रयोगशाळेत उभा करून त्याचं कारण दाखवण्याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

हा प्रयोग आज कुठल्याही शाळेत होऊ शकतो. माशांची काचेची टाकी, मधोमध घट्ट बसेल असा प्लॅस्टिकचा पत्रा, एकीकडे निळं खारं पाणी, दुसरीकडे पिवळं साधं. पत्रा झटकन वर ओढायचा. रंग मिसळून सगळं हिरवं होईल, असं मुलं म्हणतात. प्रत्यक्षात निळं पाणी तळाशी घुसतं. त्याला फुगीर नाक असतं, आणि नाकामागून दोन रंगांच्या सीमेवर लहान लहान भोवरे सुटत जातात. सेकंदाला साधारण दहा सेंटिमीटरच्या चालीनं ते टोकाच्या काचेवर आदळतं, मागे फिरतं, पुन्हा येतं. थोड्या वेळानं पाहावं तर खाली निळं, वर पिवळं, मध्ये हिरवी किनार. आता बोटानं पाणी हलकेच हलवा. वरचा पृष्ठभाग क्षणात सपाट होतो, पण आतली सीमा वर-खाली होत राहते, उंच आणि संथ. हवा आणि पाणी यांच्या घनतेत आठशे पटींचं अंतर आहे, इथे दोन्ही थरांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक. त्यामुळे ही लाट उचलायला फार थोडी शक्ती लागते, आणि खाली यायला ती फार वेळ घेते.

या आतल्या लाटेनं एका नामांकित जहाजाला जेरीला आणलं होतं. ऑगस्ट 1893 मध्ये ध्रुवशोधक फ्रिट्यॉफ नान्सेनचं ‘फ्राम’ सायबेरियाच्या उत्तरेला चाललं होतं. इंजिन पूर्ण जोरात, समुद्र शांत, तरी जहाज पुढे सरकेना. नॉर्वेचे खलाशी याला मृतजल म्हणत आणि जहाजाला काहीतरी चिकटलंय असं मानत. नान्सेननं पुढे हे कोडं शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ओळखलं की वर वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर आणि खाली खारं पाणी असेल, तर जहाज वरच्या लाटांबरोबर आत, दोन थरांच्या सीमेवरही लाटा उठवतं. तपासायचं काम त्यांनी वाग्न वालफ्रीद एकमान या विद्यार्थ्याकडे दिलं. एकमाननं काचेच्या टाकीत दोन थर भरले आणि त्यावरून छोटी जहाजं दोरीनं ओढली. ओढ तीच, पण थर असले की जहाज रेंगाळे, आणि काचेतून पाहिलं की त्याच्या मागे आत मोठी लाट उभी असे. इंजिनाची शक्ती ती लाट उचलण्यात खर्च होत होती. 1904 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे अशा थरांचा सर्वांत मोठा नमुना बंगालच्या उपसागरात आहे. गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती आणि वर मॉन्सूनचा पाऊस यांचं गोडं पाणी त्याच्या पृष्ठभागावर पसरलेलं असतं. अरबी समुद्र याच्या उलट : नद्या कमी, बाष्पीभवन जास्त, पाणी अधिक खारं. फरक पाहायचा तर दोन टाक्या शेजारी ठेवा. एकीत सगळं एकसारखं पाणी, दुसरीत दोन थर, दोन्हींच्या तळाशी रंग. वरून टेबलफॅन लावा. एकसारख्या पाण्यात तळाचा रंग लवकरच वर येतो. थर असलेल्या टाकीत वरचं पाणी गरगरतं, खालचं जागचं हलत नाही. उपसागरातही हेच घडतं. वादळाचा वारा खालचं गार पाणी सहजासहजी वर आणू शकत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो आणि वादळाला खाद्य मिळत राहतं. उपसागरात अरबी समुद्रापेक्षा कितीतरी जास्त चक्रीवादळं होतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

टाकी फिरवली की मात्र सगळंच बदलतं. पृथ्वीचं फिरणं आपल्याला जाणवत नाही, पण समुद्राला जाणवतं. अमेरिकेतल्या एमआयटीत विद्यार्थ्यांसाठी फिरत्या चकतीवर पाण्याची टाकी ठेवतात, वर तिच्याबरोबरच फिरणारा कॅमेरा असतो. वेग मिनिटाला दहा फेऱ्यांच्या आसपास. आतलं पाणी टाकीबरोबर एकजीव होऊन फिरू लागेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि ही वाट पाहणं वर्गात सर्वांत अवघड. मग शाईचा थेंब. स्थिर पाण्यात तो ढगासारखा पसरतो. इथे त्याचे वरपासून तळापर्यंत उभे, पातळ पडदे होतात आणि ते एकमेकांभोवती वळत जातात. जेफ्री टेलर यांनी 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये हे दाखवलं. शिकागो विद्यापीठात डेव्ह फुल्ट्झ यांनी तर फिरत्या परातीतच पाणी घेतलं, कड तापवली, मध्य थंड ठेवला, आणि वातावरणात विषुववृत्त ते ध्रुव यांच्यामध्ये असतात तशा नागमोडी लाटा परातीत उमटल्या.

टाकी म्हणजे समुद्राची हुबेहूब छोटी आवृत्ती नव्हे. समुद्राला एका फेरीला जवळजवळ चोवीस तास लागतात, टाकीला सहा सेकंद. पाण्याचा चिकटपणा छोट्या भांड्यात अवास्तव जाणवतो, म्हणून संशोधक मोठ्या टाक्या बांधतात. फ्रान्समध्ये ग्रनोबलला 13 मीटर व्यासाची फिरती टाकी आहे. टाकीतून आकडे काढून नेण्याची घाई नसावी. कुठलं कारण कुठला परिणाम घडवतं, हे तिच्यातून कळतं.

1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलला आहे, आणि जुवारी व मांडवी या नद्या तिच्या आसपासच अरबी समुद्राला मिळतात. मार्सिलीनं केली तशी तपासणी तिथे कुणालाही करता येईल. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तळापर्यंत सोडून तिथेच बूच ओढा. पावसाळ्यात होडीतून तळाचं आणि वरचं पाणी असं काढलं आणि दोन्ही सारख्या मापानं ताटलीत वाळवलं, तर तळाच्या पाण्याचं मीठ बरंच जास्त निघेल. नदीला पाणी भरपूर असतं, ते वरून वाहतं आणि समुद्राचं पाणी खालून आत शिरतं. मे महिन्यात त्याच जागी हा प्रयोग केला तर दोन्ही ताटल्या जवळजवळ सारख्या. नदी आटलेली असते आणि भरती-ओहोटी खाडीचं पाणी वरपासून खालपर्यंत घुसळून काढते.