प्रवासातील छायाचित्रे : आधी विषय, मग फोकस

आग्रा, वाराणसी, कोणार्क अशी मोठी सहल आटोपून परतलेल्या कुटुंबाकडे आज पाच-सहाशे छायाचित्रे सहज जमा होतात. त्यांतील बहुतेकांत इमारत असते, आकाश असते, अनोळखी माणसांची गर्दी असते. परंतु ज्या आजींसाठी ती सहल आखलेली असते, त्यांचा चेहरा एकतर नखाएवढा दिसतो किंवा पुसट आलेला असतो. इमारत शेकडो वर्षे आपल्या जागी उभी आहे आणि तिचे उत्तम चित्र कोणालाही विकत मिळते. आजींचे तेथील छायाचित्र मात्र पुन्हा काढण्याची संधी बहुधा येत नाही.

याचे खापर सामान्यतः कॅमेऱ्यावर फुटते आणि पुढच्या सहलीपूर्वी अधिक महाग कॅमेरा किंवा मोबाईल घेण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो. छायाचित्र कशाचे आहे, हे काढणाऱ्याने बटन दाबण्यापूर्वी ठरविलेले नसते. चौकटीत काय घ्यावयाचे आणि फोकस कशावर ठेवावयाचा, हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात. प्रत्यक्षात ते एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत. हा निर्णय माणसाने घेतला नाही, तर कॅमेरा आपल्या अंदाजाने घेतो.

हा अंदाज कसा बांधला जातो, हे समजून घेणे उपयुक्त ठरते. मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला स्वयंचलित फोकसचा कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ मध्ये बाजारात आला. त्यानंतरच्या जवळपास पाच दशकांत तंत्र खूप पुढे गेले. आजचे मोबाईल चेहरे आणि डोळे ओळखतात. तरीही ज्या भागात उजेड-सावलीचा ठळक फरक आहे, ज्याच्या कडा रेखीव आहेत, जे जवळ आहे, तिकडे फोकस वळण्याची प्रवृत्ती कायम आहे. दगडी जाळीपलीकडचे अंगण टिपावयाचे असले, तरी कॅमेरा जाळीच धरून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीतील आग्र्याच्या धुक्यात कडाच उरत नाहीत, त्यामुळे भिंग मागेपुढे चाचपडत राहते. अशा वेळी ताजइतक्याच अंतरावरील एखाद्या झाडाच्या गडद कडेवर फोकस घेऊन तो तसाच धरून ठेवावा आणि मग चौकट ताजकडे वळवावी. मोबाईलवर पडद्याला त्या जागी स्पर्श केला की फोकस तेथे जातो. अनेक मोबाईलवर बोट काही क्षण दाबून ठेवल्यास तो तेथेच स्थिर होतो. कॅमेऱ्यात हेच काम बटन अर्धे दाबून होते. सर्वाधिक छायाचित्रे वाचविणारी सवय कोणती, असे विचारले तर ही एक स्पर्शाची सवयच सांगावी लागेल.

रचनेचा सर्वांत परिचित पेच ताजमहालासमोर उभा राहतो. प्रवेशद्वार आणि मकबरा यांच्यामध्ये सुमारे ३०० मीटर लांबीची चारबाग आहे आणि इमारतीची उंची सुमारे ७३ मीटर. ‘ताज जवळ दिसावा’ म्हणून घरातील मंडळींना चौथऱ्यापर्यंत पाठविले जाते आणि छायाचित्र काढणारा मात्र मागे सरकत जातो. परिणाम ठरलेला असतो. घुमट चौकटीत आला तर माणसे ठिपक्यांसारखी होतात, माणसे मोठी घेतली तर घुमट कापला जातो. उपाय याच्या उलट आहे. माणसांना ताजजवळ नेण्याऐवजी कॅमेऱ्याजवळ आणावे. बागेच्या मध्यावरील उंच संगमरवरी हौदापाशी किंवा त्याहूनही अलीकडे त्यांना दोन-तीन मीटरवर उभे करावे, चौकटीत कमरेपासून वरचा भाग घ्यावा, म्हणजे चेहरा ओळखू येतो आणि मागे संपूर्ण ताज मावतो. माणूस जवळ आला तरी ताजचे अंतर तेवढेच राहते, हे लक्षात घेतले की हा पेच सुटतो.

येथेच फोकसचा प्रश्न येतो. मोबाईलचा संवेदक लहान असल्याने दोन-तीन मीटरवरील चेहरा आणि दूरचा ताज दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. मात्र पार्श्वभूमी धूसर करणारा ‘पोर्ट्रेट’ पर्याय चालू राहिला असेल, तर ज्यासाठी आग्र्यापर्यंत आलो तो ताजच पुसला जातो. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यात अपर्चर लहान ठेवावे लागते. उदाहरणार्थ, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरचे भिंग आणि एफ/८ अपर्चर असताना सुमारे सव्वातीन मीटरवर फोकस घेतला, तर साधारण १.७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्वीकारार्ह स्पष्टतेत येते. हे गणित पाठ असण्याची आवश्यकता नाही. रुंद भिंग, लहान अपर्चर आणि चेहऱ्यावर फोकस एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ताजसमोर छायाचित्रणाचा आणखी एक समज तपासून पाहता येतो. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य विषय मध्यभागी न ठेवता त्या रेषांवर ठेवावा, असा एक-तृतीयांशाचा नियम सर्वत्र सांगितला जातो. हे नाव इंग्लंडमधील चित्रकार व उत्कीर्णक जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये ‘रिमार्क्स ऑन रूरल सीनरी’ या पुस्तकात प्रथम वापरले; म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्याच्याही आधी, आणि तेही निसर्गचित्रांच्या संदर्भात. मोबाईलच्या पडद्यावरील जाळीरेषा त्याच नियमासाठी असतात. तो उपयोगी आहे, पण आज्ञा नव्हे. जी वास्तूच काटेकोर सममितीवर उभारली आहे, ती मुद्दाम एका बाजूला सारणे म्हणजे तिच्याशी भांडण मांडणे होय. तेथे मध्यच योग्य. मात्र तो नेमका मध्य हवा. पाण्याच्या पाटाची मधली रेषा घुमटाच्या टोकाशी जुळेपर्यंत एकेक पाऊल डावी-उजवीकडे सरकावे. हात-दीड हाताचा फरकही डोळ्याला खटकतो. कॅमेरा वर उचलला तर उभ्या रेषा आत झुकतात. त्याऐवजी तो सरळ धरून खालच्या भागात पाणी आणि त्यातील प्रतिबिंब घ्यावे. चौकट सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी चारही मिनारांचा आधार घेऊ नये. ते मुळातच किंचित बाहेरच्या बाजूला कललेले बांधले आहेत.

फेब्रुवारी १९९२ मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन युवराज्ञी डायना यांचे ताजसमोरील बाकावर एकट्या बसलेले छायाचित्र जगभर गाजले. चौकटीत त्या अगदी लहान दिसतात, तरीही नजर प्रथम त्यांच्याकडेच जाते, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे दुसरे माणूस तेथे नाही. सामान्य पर्यटकाला अशी मोकळी जागा मिळणे कठीण. परंतु तत्त्व तेच आहे. माणूस लहान ठेवावयाचा असेल, तर त्याच्याभोवती मोकळीक हवी. गर्दी असेल, तर माणूस जवळ आणून मोठा करावा. (ताज दर शुक्रवारी बंद असतो आणि मुख्य मकबऱ्याच्या आत छायाचित्रणाला मनाई आहे, याची नोंद सहल आखतानाच घ्यावी.)

ताजप्रमाणे सर्वच वास्तू एका चौकटीत मावत नाहीत, आणि मावल्या तरी प्रत्येक वेळी त्या मावविण्याची गरज नसते. कोणार्कचे सूर्यमंदिर हे याचे उत्तम उदाहरण. तेराव्या शतकात पूर्व गंग राजा पहिला नरसिंहदेव याच्या काळात रथाच्या रूपात उभारलेल्या या मंदिराला चोवीस चक्रे आहेत. २०१८ मध्ये दहा रुपयांची नवी नोट आली, तिच्या मागील बाजूस संपूर्ण मंदिर नाही, केवळ एक चक्र आहे. आणि ते पाहताच कोणार्क आठवते. चलनी नोटेसारख्या लहानशा चौकटीत काय ठेवावे आणि काय सोडावे, याचा हा निर्णय कोणत्याही हौशी छायाचित्रकाराने अभ्यासावा असा आहे. प्रत्यक्ष चक्र सुमारे तीन मीटर व्यासाचे असून त्यावर सूक्ष्म कोरीवकाम आहे. भरदुपारी, सूर्य डोक्यावर असताना, अशा कोरीवकामातील बारकावे विरून जातात. सकाळी किंवा उतरत्या उन्हात प्रकाश तिरपा पडतो, प्रत्येक उठावाला सावली मिळते आणि दगड बोलू लागतो. फोकसच्या दृष्टीने येथे एक साधी युक्ती आहे. फोकसचे प्रतल भिंतीसारखे सपाट असते. कॅमेरा चक्राला समांतर धरला, तर मधल्या आसापासून कडेच्या वेलबुट्टीपर्यंत सर्व आरे सारखेच स्पष्ट येतात. कोपऱ्यात उभे राहून तिरपे छायाचित्र घेतले, तर एक बाजू पुसट होण्याची शक्यता वाढते. ती पुसट बाजू हवी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रकाशाची दिशा आधीच जाणून घेतली तर किती फरक पडतो, हे वाराणसीत सर्वाधिक जाणवते. तेथील घाट गंगेच्या पश्चिम तीरावर असून त्यांचे तोंड पूर्वेला आहे. सूर्योदयानंतरचे कोवळे ऊन समोरून थेट पायऱ्यांवर, छत्र्यांवर, वाड्यांच्या भिंतींवर पडते. दुपार कलल्यावर सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि त्याच पायऱ्या सावलीत बुडतात. होडीतून घाट टिपावयाचे असतील तर पहाटे उठण्याला पर्याय नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरील गंगा आरती हा मात्र वेगळा विषय. उजेड कमी, दिवे सतत फिरणारे आणि पायाखालची होडी डोलणारी. येथील छायाचित्रे पुसट आली की ‘फोकस गेला’ असे सरसकट म्हटले जाते. पण पुसटपणाचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. चित्रात मुख्य विषय अस्पष्ट पण पुढची किंवा मागची एखादी वस्तू स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात किंवा होडी हलली. आणि पायऱ्या, खांब स्पष्ट असून फक्त माणसे पुसट असतील, तर ती माणसे शटरच्या वेगापेक्षा अधिक चपळ होती.

हाताच्या कंपासाठी जुना ठोकताळा असा की, शटरचा वेग निदान भिंगाच्या नाभीय अंतराच्या व्यस्त प्रमाणात असावा. म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद. आजच्या कंपरोधक यंत्रणेमुळे हात स्थिर असताना याहून कमी वेगही चालतो. परंतु ती यंत्रणा हलणाऱ्या माणसाला थांबवू शकत नाही. चालत्या माणसासाठी १/२०० सेकंदाच्या आसपासचा वेग सुरक्षित. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला आणि चित्रात थोडा खरखरीतपणा आला तरी तो पत्करावा. खरखर सहन होते, पुसट चेहरा होत नाही. मोबाईलमधील रात्रीचा पर्याय एकामागून एक घेतलेल्या अनेक प्रतिमा एकत्र करतो, त्यामुळे तो स्थिर दृश्यासाठी उत्तम. डोलत्या होडीतून त्याचा फारसा उपयोग होत नाही. आरतीसाठी होडी सोडून घाटाच्या पायरीवर बसणे आणि कोपर गुडघ्यावर टेकविणे, हा उपाय बिनखर्चाचा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतही हीच रीत उपयोगी पडते. तेथे चित्रांच्या संरक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे. कोपर शरीराशी घट्ट धरून, श्वास रोखून बटन दाबावे. आधारासाठी रंगविलेल्या भिंतीला किंवा खांबाला टेकू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरी सांगावे लागते.

वाराणसीबाबत एक बाब तंत्राहून महत्त्वाची आहे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर अंत्यसंस्कार चालू असतात. तेथे कॅमेरा उचलू नये. शोकाकुल कुटुंब हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. अन्यत्रही पूजेला बसलेले गृहस्थ, नावाडी, फुले विकणारी बाई यांचे जवळून छायाचित्र घेण्यापूर्वी नजरेने वा शब्दाने अनुमती घ्यावी. दुरून लपून घेतलेल्या चित्रात बहुधा पाठ किंवा अर्धा चेहरा येतो. दोन शब्द बोलून घेतलेल्या चित्रात माणूस येतो. झूमने हे अंतर भरून निघत नाही. विशेषतः मोबाईलवर भिंगाच्या मर्यादेपलीकडे पडदा ताणला की ते चित्र फक्त कापून मोठे केले जाते आणि तपशील हरवतो.

दोन ठिकाणांमधला प्रवासही वाया घालवू नये. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांच्या ‘अ वे इन्टू इंडिया’ या त्यांच्या निधनानंतर, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अँबॅसडर मोटारीच्या खिडक्या, दारे आणि आरसे हीच चौकट झाली आहे. साध्या बसच्या वा रेल्वेच्या खिडकीतूनही असे करता येते. खिडकीची चौकट चित्रात नको असेल, तर भिंग काचेला जवळजवळ टेकवून धरावे. म्हणजे काचेवरील डाग आणि आतील दिव्यांची प्रतिबिंबे टळतात आणि फोकस काचेवर अडकत नाही. चौकट हवी असेल, तर दोन पावले मागे यावे आणि बाहेरच्या दृश्यावर बोट ठेवून फोकस घ्यावा.

निघण्यापूर्वी आणि दिवसातून दोन-चार वेळा भिंग मऊ स्वच्छ कापडाने पुसावे. खिशात राहणाऱ्या मोबाईलच्या भिंगावर बोटांचे तेलकट ठसे असतात आणि त्यांच्यामुळे येणारी धुरकट झाक अनेकदा फोकसचा दोष समजली जाते. छायाचित्र काढल्यावर तेथेच ते पडद्यावर मोठे करून चेहऱ्यातील डोळे पाहावेत, कारण लहान पडद्यावर सर्वच चित्रे स्पष्ट वाटतात. रोलच्या काळात ३६ छायाचित्रांची मर्यादा होती आणि चूक समजेपर्यंत गाव मागे पडलेले असे. आज ती मर्यादा नाही. चूक दिसली तर आजींना आणखी अर्धा मिनिट उभे राहण्याची विनंती करता येते. घरी आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्रे पाठविताना ती नेहमीच्या पद्धतीने न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत, अन्यथा त्यांचा आकार कमी होतो आणि मोठी प्रत छापून घेताना तपशील अपुरा पडतो. मूळ प्रती मोबाईलखेरीज आणखी एका ठिकाणी जपून ठेवाव्यात.