यंत्राचे दुभाषे आणि विद्यार्थ्यांची चर्चासत्रे

भिलाईच्या बोरसी भागातील वाचकांना पोलाद कारखान्याची कथा नव्याने सांगावयास नको. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. सोव्हिएत साहाय्याचाच लाभ मिळून पवई येथील आय. आय. टी. १९५८ मध्ये स्थापन झाली होती. २०१६ पासून भिलाईचीही स्वतःची आय. आय. टी. आहे. म्हणूनच पवईत रुजलेली एक अभ्यासपद्धती येथील कुटुंबांनी जाणून घेण्यासारखी आहे. ती म्हणजे विद्यार्थ्यांचे सेमिनार.

सेमिनारमध्ये व्याख्याता विद्यार्थीच असतो. एखाद्या विषयावरील शोधनिबंध वाचून तो त्यांचे सार लिहितो, ते सर्वांपुढे मांडतो आणि प्रश्नांना उत्तरे देतो. कंपायलर हा अशा चर्चेचा एक आवडता विषय होय. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. आय. बी. एम. कंपनीतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांचा फोर्ट्रान कंपायलर १९५७ मध्ये आला, तेव्हापासून नेमके आणि वेगवान भाषांतर कसे करावे, हा प्रश्न संशोधकांपुढे आहे.

घरातलेच उदाहरण घ्या. पाहुणे आले तर दुपारी भाजीसाठी खोबरे किसावे लागणार. रात्रीच्या आमटीला मात्र ते हवेच आहे. पाहुणे आले असतील, तर रात्री पुन्हा किसणे व्यर्थ. न आले, तर आवश्यक. प्रोग्रॅममधील असे अंशतः अनावश्यक हिशेब टाळण्याची रीत मोरेल व रेन्व्हॉइज यांनी १९७९ मध्ये मांडली. पवईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांनी तीत सुधारणा केल्या. पुढे १९९४ मध्ये त्यांनी व उदय खेडकर यांनी मिळून अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला.

येथे श्रोत्यांतून प्रश्न येतात. ज्या वाटेवर तो हिशेब कधीच लागणार नव्हता, तेथे तो आणून ठेवला आणि त्यात शून्याने भागण्याची वेळ आली, तर? उत्तम चालणारा प्रोग्रॅम कोलमडेल! शिवाय किसलेले खोबरे ठेवावयास वाटी हवी. प्रोसेसरमध्ये अशा वाट्या, म्हणजे रजिस्टरे, मोजक्याच असतात. त्या भरल्या की माल दूरच्या स्मृतीत ठेवावा लागतो आणि वाचविलेला वेळ तेथे खर्च होतो. म्हणूनच कंपायलर जाणू इच्छिणाऱ्यास संगणकाची रचनाही अभ्यासावी लागते. २०१९ मध्ये पवईतच संशोधकांनी ‘अजित’ हा प्रोसेसर सिद्ध केला. ही विद्या आता आपल्या देशातही घडत आहे.

अशा प्रश्नापुढे पाठांतर टिकत नाही. पुस्तकातील सूत्र फळ्यावर लिहिता येते. परंतु ‘असेच का?’ या प्रश्नाचे उत्तर समजलेल्या विद्यार्थ्यालाच देता येते. ‘हे मला अजून उमगलेले नाही, मी पाहून सांगतो,’ असे चारचौघांत म्हणण्याचे धैर्यही त्याला तेथेच लाभते.

पालकहो, या शिक्षणाचा आरंभ आपण घरीही करू शकता. आज शाळेत काय शिकविले, ते मुलाला किंवा मुलीला आपल्या मायबोलीत समजावून सांगावयास लावा, आणि मध्येच एकदा प्रेमाने विचारा: ‘असे का?’