स्टेशनावरच्या जुन्या खुणा

जुन्या रेल्वे स्टेशनावर गाडीची वाट पाहत असाल, तेव्हा जरा आजूबाजूला पाहा. काही ठिकाणी फलाटाच्या टोकाला, रुळांच्या शेजारी, एक उंच लोखंडी खांब उभा दिसतो. त्याच्या वरच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा आडवा नळ असतो. आता त्यातून पाणी येत नाही. मग तो कशासाठी उभा आहे?

याचे उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे बहुतेक गाड्या वाफेवर चालत. इंजिनात कोळसा जाळून पाणी उकळत. त्याची वाफ चाके फिरवी आणि धुराड्यातून बाहेर निघून जाई. त्यामुळे पाणी सारखे कमी होई. मनमाड, भुसावळ यांसारख्या जंक्शनांवर इंजिन थांबले, की खांबाची सोंड त्याच्या टाकीवर वळवून पाणी भरत. पाणी जोराने पडावे म्हणून जवळच उंचावर मोठी टाकी बांधलेली असे. कोठे रुळांच्या मधोमध लांबट, बांधीव खड्डा दिसला, तर तो कोळशाची राख पाडण्यासाठी असू शकतो. १९७२ साली चित्तरंजन येथील कारखान्यात वाफेचे शेवटचे इंजिन तयार झाले. पुढे डिझेलची व विजेची इंजिने सगळीकडे आली. इंजिन गेले, खांब मात्र मागे राहिला.

काही खुणा कामाच्या नसून राज्यकारभाराच्या असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर मोठे घड्याळ आहे. त्याच्या खाली एक रिकामा कोनाडा दिसतो. १८८७ साली या स्टेशनाला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव देण्यात आले होते. त्या कोनाड्यात तिचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर पुतळा काढण्यात आला. १९९६ साली स्टेशनाचे नावही बदलले. कोनाडा तेवढा तसाच राहिला.

काही गोष्टी मात्र दगडात किंवा लोखंडात उरत नाहीत. इंग्रजांच्या काळात फलाटावर इंजिनासाठी एकच पाणी होते, पण माणसांसाठी ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ असे वेगवेगळे पाणी असे. ते देणारी माणसेही वेगळी असत. आज एकाच नळावर सर्वजण बाटल्या भरतात. ही रीत गेली हे चांगलेच झाले. पण ती होती, हे विसरणे चांगले नाही.

अशा गोष्टी जुन्या माणसांच्या आठवणीतच राहतात. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन आता म्हातारे झाले आहेत. जुने खांबही भंगारात जात आहेत. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे बुजुर्ग असतील, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांनी कोणते काम केले, त्या वेळचे स्टेशन कसे होते, लोक कसे वागत, हे त्यांना विचारा. ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. खांब कशासाठी होता हे सांगणारा कोणी उरला नाही, तर तो नुसता लोखंडाचा तुकडा ठरेल.